बुलडॉगचे पिल्लू



मेलबर्नच्या पश्चिम भागात राहणाऱ्या आपल्या मुलांना बुलडॉग माहीत असतो तो फुटीमुळे. फुटस्क्रे क्लबचे हे टोपणनाव १९२० च्या दशकातले. १९९७ च्या हंगामापासून क्लबच 'वेस्टर्न बुलडॉग्ज' झाला. सिडनीचे कँटरबरी-बँक्सटाउनवालेही १९७८ पासून बुलडॉग्ज. आमच्या घरी यंदा "आई, पिल्लू आणू या ना" सुरू झाले, तेव्हा मी आधी या कुत्र्याचा इतिहास वाचायला घेतला.

बुलडॉग मूळचा इंग्लंडचा. बैलाला खुंट्याला बांधायचे, अंगावर कुत्रे सोडायचे आणि पैजा लावून तमाशा बघायचा, हा तिथला जुना खेळ. कुत्रा बैलाचे नाक पकडून लोंबकळत राहायचा. जुन्या चित्रांतला बुलडॉग उंच, चपळ आणि बऱ्यापैकी लांब तोंडाचा दिसतो. १८३५ साली ब्रिटिश पार्लमेंटने या खेळावर बंदी घातली. योग्यच झाले, पण कुत्रा बेकार झाला. १८५९ पासून कुत्र्यांची प्रदर्शने भरू लागली, १८७३ मध्ये केनेल क्लब आणि १८७५ मध्ये बुलडॉग क्लब निघाला. बुलडॉग कसा असावा हे कागदावर उतरले: डोके मोठे, खांदे रुंद, मागचा भाग अरुंद, नाक चेहऱ्यात दबलेले. परीक्षकांना जो आवडेल त्याच्याच पिल्लांना मागणी, आणि पुढे जोड्याही त्यांच्याच. (आपला दख्खनचा कारवानी कुत्रा आठवा. सशामागे धावता येणे हीच त्याची परीक्षा!)

मोठे डोके आणि आईचा मागचा भाग अरुंद, मग पिल्लू बाहेर येणार कसे? ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बुलडॉगची ८० टक्क्यांहून अधिक वेते सिझेरियनने झाल्याचे आढळले.

वाचून समाधान होईना, म्हणून गेल्या हिवाळ्यात बुलडॉग पाळणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडे मदतीला गेले. सहा पिल्ले होती. भूल उतरत असलेल्या कुत्रीला ही आपलीच पिल्ले हे उमगत नव्हते. तिच्या जड अंगाखाली ती चिरडू नयेत म्हणून वेगळ्या खोक्यात ठेवायची आणि दर दोन तासांनी पाजायला न्यायची. नवजात पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. म्हणून आधी ऊब, मग दूध. मी रसायनशास्त्राची, त्यामुळे दुधाची चौकशी केलीच. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट, आणि दुग्धशर्करा कमी. म्हणजे आपले गाईचे दूध इथे उपयोगाचे नाही, पिल्लांसाठीची खास पावडर लागते. पहिल्या दिवसाचा आईचा चीक मात्र कुठल्याच पावडरीत नसतो. पाजून झाले की ओल्या कापसाने खालचा भाग पुसायचा, नाहीतर पिल्लाला लघवी होत नाही.

एका पिल्लाच्या नाकातून दूध आले. टाळूला चीर होती. या जातीत ती बरीच आढळते. तिसऱ्या दिवशी ते गेले. बाईंनी ते हातरुमालात गुंडाळले आणि घड्याळाकडे बघितले. बाकीच्या पाचांना पाजायची वेळ झाली होती.

२०१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १०२ बुलडॉगांची जनुके तपासली. जातीत वैविध्य इतके थोडे उरले आहे की आतल्या आत जोड्या लावून सुधारणा करणे कठीण, असे त्यांना दिसले. त्याच वर्षी इथल्या आरएसपीसीए आणि पशुवैद्यांच्या संघटनेने चपट्या नाकाच्या कुत्र्यांबद्दल जनजागृतीची मोहीम काढली. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. नाकच दबलेले असेल तर आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या दुपारी त्याचे काय होत असेल!

आम्ही अजून पिल्लू आणलेले नाही. तुम्ही आणणार असाल तर आधी त्याची आई बघा: चालताना घोरते का, दम लागतो का. वेत कसे झाले तेही विचारा. व्हिक्टोरियात जुलै २०१९ पासून जाहिरातीत सोर्स नंबर आणि मायक्रोचिप नंबर असणे सक्तीचे आहे. ते दिसले नाहीत तर फोनसुद्धा करू नका.