टॉय स्टोरी २ : 'ए प्लस'ची किंमत

सीक्वेल म्हटलं की आपण आधीच जरा सावध असतो. त्यातून तो लहान मुलांच्या कार्टूनपटाचा असेल तर बोलायलाच नको! पहिल्याच्या नावावर पैसे कमवायचा धंदा, असं आपलं मत सिनेमा बघायच्या आधीच तयार असतं. हे मत काही हवेतून आलेलं नाही. त्याला चांगला इतिहास आहे, आणि तो मोडून काढणारा एक सिनेमाही आहे.

सुरुवात १९९० पासून करू. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्नेने 'द रेस्क्यूअर्स डाऊन अंडर' आणला. १९७७ च्या 'द रेस्क्यूअर्स'चा हा पुढचा भाग. मेहनत भरपूर, तंत्र त्या काळाच्या मानाने एकदम नवं. पण नेमका त्याच दिवशी 'होम अलोन' रिलीज झाला आणि सगळी कुटुंबं तिकडे वळली. पहिल्या वीकांताचे आकडे बघून डिस्नेने टीव्हीवरच्या जाहिरातीच बंद करून टाकल्या. अमेरिकेत कमाई झाली जेमतेम २ कोटी ८० लाख डॉलर.

मग १९९४ साली 'द रिटर्न ऑफ जाफर' आला. 'अलादिन'चा हा सीक्वेल थिएटरला न जाता थेट व्हिडिओ कॅसेटवर आला. बजेट तुटपुंजं, चित्रं बेताची, जिनीला रॉबिन विल्यम्सचा आवाजसुद्धा नाही. आणि खप? तुफान! आता कंपनीच्या चष्म्यातून या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. जीव ओतून केलेला सीक्वेल आपटला, कामचलाऊ सीक्वेलने पैसा ओतला. निष्कर्ष सोपा होता: घरी पोरांना गप्प बसवायला आईबापांना काहीही चालतं.

याच हिशोबाने 'टॉय स्टोरी २' सुद्धा आधी थेट व्हिडिओसाठीच करायचा ठरला होता. पहिला 'टॉय स्टोरी' १९९५ चा. पिक्सारची मुख्य टीम तेव्हा 'अ बग्ज लाईफ'मध्ये अडकलेली, त्यामुळे हे काम दुसऱ्या, नवख्या टीमकडे गेलं. पण एकाच ऑफिसात 'भारी' काम आणि 'चलता है' काम अशा दोन पंगती फार दिवस चालत नाहीत. १९९८ च्या सुरुवातीला ठरलं की हा सिनेमा थिएटरमध्येच येणार.

त्याच वर्षी तो प्रसिद्ध किस्सा घडला. कोणीतरी सर्व्हरवर सगळं सरसकट पुसणारी 'आरएम'ची कमांड चालवली आणि बघता बघता एकेक पात्र गायब व्हायला लागलं. ओरेन जेकब यांच्या डोळ्यांदेखत वुडीच्या फाईल्स गेल्या. सुमारे ९० टक्के सिनेमा उडाला. बॅकअप बघायला गेले तर तो कित्येक दिवस नीट चालतच नव्हता. (आपल्यापैकी किती जणांनी बॅकअप घेतलाय, आणि त्यातल्या किती जणांनी तो रिस्टोअर करून बघितलाय? असो.) गॅलिन सुसमन नुकत्याच आई झाल्या होत्या आणि घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या मशीनवर एक कॉपी होती. ते मशीन गोधड्यांत गुंडाळून, गाडीत पट्ट्याने बांधून ऑफिसात आणलं आणि सिनेमा वाचला.

हा किस्सा बहुतेक वेळा इथेच संपवतात. खरी गंमत पुढे आहे. वाचवलेल्या त्या सिनेमातला बराचसा भाग पिक्सारने नंतर स्वतःहून फेकून दिला! 'अ बग्ज लाईफ'मधून मोकळे झाल्यावर जॉन लॅसेटर यांनी तयार रीळं पाहिली आणि लक्षात आलं की गोष्टच जमलेली नाही. वुडी म्युझियममध्ये जाणार की आपल्या मुलाकडे परत येणार, याचं उत्तर कोणीही पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं असतं. डिस्नेचं मत होतं, ठीक आहे की. रिलीजची तारीख हलणार नव्हती. हातात उरले होते साधारण नऊ महिने.

मग जेसीची कहाणी जोडली गेली. तिची मालकीण मोठी होते आणि तिला विसरून जाते. ते पाहिल्यावर वुडीचा पेच खरा वाटायला लागतो: काचेमागे कायमचं जगायचं, की एक दिवस आपल्याला विसरणाऱ्या पोराकडे जायचं? थिएटरमध्ये मोठी माणसं रडली ती इथे.

२४ नोव्हेंबर १९९९ ला सिनेमा सगळीकडे लागला. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची कंपनी पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांना थिएटरबाहेर कार्डं देऊन ग्रेड मागते. आहे ती शितावरून भाताची परीक्षा, आणि पहिल्या रात्री येणारी मंडळी आधीच खुशीत असतात हेही खरं. तरीसुद्धा 'ए प्लस' फार मोजक्या सिनेमांना मिळतो. पहिल्या भागाला 'ए' होता, दुसऱ्याला 'ए प्लस' मिळाला. अमेरिकेतली कमाई पहिल्याची सुमारे १९ कोटी डॉलर, दुसऱ्याची साडेचोवीस कोटींच्या आसपास.

म्हणजे १९९४ चा निष्कर्ष अर्धवट होता. लोकांना काहीही चालतं असं नव्हतं, लोकांसमोर तेवढंच ठेवलं होतं. डिस्नेला हे पटायला मात्र वेळ लागला. २००६ मध्ये त्यांनी पिक्सार विकत घेतली आणि २००७ मध्ये लॅसेटर आणि एड कॅटमल यांनी ते थेट व्हिडिओवाले सीक्वेल बंद करायला लावले. २०१० चा 'टॉय स्टोरी ३' १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला.

पण त्या नऊ महिन्यांचा हिशोब कॅटमल यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात दिलाय, तो आपण आयटीवाल्यांनी नक्की वाचावा. सिनेमा संपेपर्यंत टीममधल्या तब्बल एक तृतीयांश लोकांना आरएसआयचा, म्हणजे माऊस-कीबोर्डमुळे होणारा मनगट-हाताचा त्रास सुरू झाला होता. एक आर्टिस्ट सकाळी तान्ह्या बाळाला पाळणाघरात सोडायला निघाला आणि थकव्याच्या तंद्रीत थेट ऑफिसला आला. बाळ उन्हात गाडीतच राहिलं. लक्षात आलं तेव्हा ते बेशुद्ध होतं. गार पाण्याने शुद्धीवर आलं, वाचलं. नशीब!

प्रेक्षकांच्या कार्डावर यासाठी रकाना नसतो, आणि असावा असंही नाही. त्यांनी समोर दिसलं त्याला मार्क दिले आणि बरोबर दिले. पण पुढच्या वेळी आपला मॅनेजर 'पॅशन'ची गोष्ट सांगताना 'टॉय स्टोरी २'चं उदाहरण देईल, तेव्हा ही दुसरी बाजूही ठाऊक असलेली बरी. चांगलं काम करायचा हट्ट बरोबरच होता. न हलणारी तारीख मात्र कोणाच्या तरी अंगावर निघतेच.