उणे पाण्यातली स्थळं

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भीमा आणि नीरेच्या मध्ये, इंदापूर तालुका आणि त्याला लागून बारामती आहे. या टापूत आज सहलीला येणारा माणूस प्रामुख्याने दोन गोष्टी पाहायला येतो. हिवाळ्यात भिगवणजवळचे रोहित पक्षी आणि उन्हाळ्यात, तेही एखाद्या वर्षीच, पळसदेवचं पाण्यातून वर आलेलं देऊळ. दोन्ही दृश्यं उजनी धरणाची देणगी आहेत. या खोऱ्यातल्या पर्यटनाचा इतिहास लिहायचा तर तो पाण्याच्या पातळीचा इतिहास म्हणूनच लिहावा लागेल, असं मला वाटतं.

त्याआधी इथे लोक येत नव्हते, असं नाही. ते देवाच्या पंचांगाप्रमाणे येत. भीमा-नीरेच्या संगमावर नरसिंहपूर, कऱ्हेकाठी मोरगावचा मयूरेश्वर. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी आजही याच दोन तालुक्यांतून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, सराटीला नीरास्नान. या मंडळींना स्थळ पाहायचं नव्हतं, तिथे पोचायचं होतं. इंदापूरची गढी आणि मालोजीराजांच्या मृत्यूचं ठिकाण, बारामतीत मोरोपंतांचं वास्तव्य, या गोष्टी अभ्यासकाला ओढून आणतात. रविवारच्या गर्दीला नाही.

देवाच्या पंचांगाशेजारी पाण्याचं पंचांग आलं ते १८७६-७८ च्या दुष्काळानंतर. भाटघरचं धरण आणि नीरेचा डावा कालवा ही त्या काळाची कामं. एकोणिसावं शतक संपण्याआधीच कालव्याचं पाणी बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानात खेळू लागलं. पुढे ऊस आला, १९३० च्या दशकात वालचंदनगर उभं राहिलं. कालवा पोचला नाही ते माळ तसेच राहिले. सुप्याजवळच्या अशाच एका माळावर १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झालं. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. तिथे चिंकारा दिसतं. सरकारी दप्तरात ज्या गवताळ रानाला पिढ्यान्पिढ्या पडीक म्हटलं गेलं, ते पाहायला आता लोक दुर्बिणी घेऊन येतात, ही मला या भागातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते.

भीमेच्या बाजूला मात्र गोष्ट गमतीची उरत नाही. उजनीची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. काम १९८० साली पूर्ण झालं. पाण्याचा मुख्य लाभ खाली सोलापूरकडे गेला आणि बुडाली ती वरच्या अंगाची, इंदापूर-करमाळ्याची नदीकाठची गावं. नदीकाठची म्हणजे काळ्या कसदार जमिनीची, जुन्या घाटांची, जुन्या देवळांची. जलाशयाला यशवंत सागर नाव मिळालं. गावं उठून वरच्या माळावर गेली आणि जुन्या नावानिशी पुन्हा वसली. त्यामुळे या भागात एकाच नावाची दोन गावं असतात, एक नकाशावर आणि एक पाण्याखाली.

रेल्वेचीही तीच कथा. पुण्याहून निघालेली लोहमार्गाची वाट १५ डिसेंबर १८५८ रोजी भीमेकाठच्या डिकसळपर्यंत खुली झाली आणि काही महिने तेच शेवटचं स्थानक होतं. धरणाच्या पाण्याने रूळ हलवावे लागले. भीमेवरचा जुना रेल्वेपूल मागे राहिला आणि पुढे रस्त्याच्या कामी आला. आज डिकसळ म्हटलं की पक्षीनिरीक्षकांना छायाचित्रं आठवतात.

पळसदेवचं महत्त्व त्याहून मोठं. तिथला शके १०७९ चा, म्हणजे इ. स. ११५७ चा शिलालेख मराठीच्या अगदी सुरुवातीच्या कोरीव लेखांत गणला जातो. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या संग्रहात तो आहे. मराठीचा जुना पुरावा असलेलं गाव जलाशयाच्या बुडीत क्षेत्रात गेलं. नव्या पळसदेवात नवं देऊळ झालं. पळसनाथाचं जुनं देऊळ मात्र तिथेच राहिलं, विटांच्या शिखरासकट. एरवी पाण्यावर फक्त शिखर दिसतं, आणि धरण पूर्ण भरलं तर तेही झाकतं.

ते पूर्ण केव्हा दिसतं, हे समजून घ्यायला धरणाचं एक अंकगणित लागतं. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट, त्यातलं जवळपास ६३ मृतसाठा. उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला की वर्तमानपत्रं टक्केवारी 'उणे' लिहू लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली. त्याच वर्षी देऊळ पायथ्यापर्यंत मोकळं झालं आणि पाहणाऱ्यांची रीघ लागली. सोलापुरात तेव्हा नळाला किती दिवसांआड पाणी येतं, हा चर्चेचा विषय होता. बॅकवॉटरकाठचे ऊसवाले पाइप लांबवत नदीपात्रात उतरत होते. सहलीचा चांगला उन्हाळा तो पिकाचा वाईट उन्हाळा.

रोहित पक्ष्यांचंही असंच, फक्त सौम्य प्रमाणात. त्यांना गुडघाभर पाणी आणि खाली गाळ हवा. चोच उलटी करून ते शेवाळ आणि बारीक जीव गाळून घेतात. पावसाळ्यात धरण भरलेलं असतं. पाणी सोडायला लागलं की कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला उथळ पट्टे उघडे पडतात आणि पक्षी उतरतात. सोबत पट्टकादंब, चित्रबलाक, शराटी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून इथेच येऊन साचतं, त्यानेही या पाण्यात अन्न वाढतं, जलपर्णीही वाढते. ज्या घाणीबद्दल काठची गावं तक्रार करतात तिचा या पक्ष्यांच्या थव्यांशी संबंध आहे, हे कुणी जाहिरातीत लिहिणार नाही.

मासेमारांनी मात्र हे सगळं केव्हाच ओळखलं. सकाळी जाळं, मग पाहुण्यांना होडीतून फेरी, दुपारी चिलापीचं कालवण. मी ज्या होडीत बसलो तिच्या मालकाला पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ होती आणि तळाशी कुठल्या वाडीची विहीर आहे हेही. होडी विहिरीवर अडकू नये म्हणून ते माहीत असावं लागतं, असं तो म्हणाला.

घाटमाथ्यावर पाऊस धरला की दौंडकडून गढूळ लोंढा येतो. उणे आकडा हळूहळू शून्याकडे सरकतो. देवळाकडची पायवाट आधी चिखल होते, मग बुजते आणि त्या बाजूला पुन्हा होड्या सुरू होतात.