जोर आधी, जू मागाहून

तुमची बचत गटाची सहयोगिनी बोलतेय.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर एक ताई मागे थांबल्या. मुलगा नववीत. त्याच्या दप्तरात खर्र्याची पन्नी सापडली होती. "एवढा हुशार पोरगा, त्याला कळत नसेल का हो?" त्या विचारत होत्या.

मला माझा धाकटा भाऊ आठवला. पंधराव्या वर्षी तोही असाच टपरीवर उभा राहायला लागला. आम्ही त्याला चारचौघांत बोल लावले, मी तर सगळ्यांत जास्त. तंबाखूने कॅन्सर होतो हे त्याला पाठ होतं. आज तो तिशीला आलाय आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. कळणं वेगळं आणि आवरणं वेगळं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. शास्त्रज्ञांनाही ते उशिराच समजलं. कसं समजलं, ते आज सांगते.

१९५४ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर हे दोघं उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून विजेचा हलका झटका देत होते. एका उंदराची तार चुकून भलत्याच जागी बसली. झटका बसला की उंदराने पळायला हवं, पण हा उंदीर जिथे झटका मिळाला त्याच कोपऱ्याकडे पुन्हा पुन्हा जायला लागला. मग त्यांनी पेटीत एक दांडी बसवली. दांडी दाबली की झटका. उंदीर ती तासाला शेकडो वेळा दाबू लागले. पुढच्या प्रयोगांत काही उंदीर तर भूक असूनही समोरचं खाणं सोडून दांडीच दाबत बसले. "आणखी हवं" म्हणायला लावणारी एक वाट मेंदूतच असते, हे तिथे दिसलं. डोपामाईन नावाचं रसायन या वाटेवर काम करतं. तंबाखूतलं निकोटीन, दारू, पत्त्यांचा डाव, सगळे याच वाटेने आत शिरतात.

पण ही वाट तर तुमच्या-माझ्या मेंदूतही आहे. मग पोरांचंच वेगळं काय?

सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने जवळजवळ मोठ्या माणसाएवढा असतो. त्यामुळे पुढे त्यात फारसं काही घडत नसावं, असाच समज होता. १९९१ पासून अमेरिकेत जे गीड या डॉक्टरांनी मुलांच्या मेंदूचे एमआरआय काढायला सुरुवात केली. खुबी अशी की तीच मुलं काही वर्षांनी पुन्हा बोलवायची. १९९९ साली त्यांनी १४५ मुलामुलींचा अभ्यास छापला. कपाळामागचा, म्हणजे विचार करून थांबवणारा भाग मुलींमध्ये साधारण ११ आणि मुलांमध्ये १२ वर्षांपर्यंत दाट होत जातो, आणि मग विरळ होऊ लागतो. आपण शेतात विरळणी करतो ना, तसंच. वापरातल्या जोडण्या धरतात, बिनवापराच्या जातात. कपाळामागचं हे काम विशी उलटली तरी चालू असतं. "आणखी हवं" वाली वाट मात्र वयात येतानाच जोरात धावायला लागते.

खोंडाचं आपण पाहतोच. अंगात जोर आधी येतो, जुवाला मान सरावते मागाहून.

२००५ सालचा एक प्रयोग मला फार लागला. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना गाडी चालवायचा व्हिडिओ गेम दिला. पिवळा दिवा लागला की थांबायचं. जितकं पुढे रेटाल तितके गुण जास्त, पण आपटण्याची भीतीही जास्त. कोणी एकट्याने खेळलं, कोणी दोन सोबती बाजूला असताना. मोठ्या माणसांना सोबत्यांनी फारसा फरक पडला नाही. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी मात्र दोस्त बघताहेत म्हटल्यावर कितीतरी जास्त धोका पत्करला. आमचा भाऊ एकटा कधीच टपरीवर गेला नाही. जायचा तो दोघांना घेऊनच. आणि आम्ही त्याला बोललो तेही त्याच दोघांसमोर.

हा जोर वाईटच, असं मात्र म्हणू नका. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये झेंडा घेऊन गोळीला सामोरा गेलेला शिरीषकुमार १५ वर्षांचा होता. त्या वयात धजावणं असतंच. ते कुठे खर्च होतं, एवढाच प्रश्न.

आइसलँड नावाचा उत्तरेकडचा देश आहे, आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या वस्तीचा. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगली होती. तिथे मग दरवर्षी शाळेतल्या मुलांनाच प्रश्न विचारून माहिती गोळा केली आणि ती त्या त्या गावाच्या हाती दिली. संध्याकाळी खेळ, गाणं, नाच यांची सोय केली; राजधानीत तर नगरपालिका त्यासाठी पैसे देते. १३ ते १६ च्या मुलांनी हिवाळ्यात रात्री १० नंतर मोठ्या माणसाशिवाय बाहेर राहायचं नाही, हा नियम आईबापांनी मनावर घेतला. आठवड्याच्या शेवटी रात्री ते स्वतः गल्ल्यांतून फेऱ्या मारू लागले. २०१६ साली ४२ टक्क्यांचे ५ टक्के झाले होते. श्रीमंत देश आहे, मान्य. पण रात्री फेरी मारायला पैसे लागत नाहीत.

आणि सगळा भार मेंदूवर टाकून चालणार नाही. शाळेच्या वाटेवर टपरी कोणी ठेवली? १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू देणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद आहे. आमच्या टपरीवाल्याला हे सांगायला गटातल्या सहा जणी गेल्या, तेव्हा तो हसला. दुसऱ्यांदा अकरा जणी गेल्या, तेव्हा हसला नाही.

त्या ताईंनी मुलाला दोस्तांसमोर काही म्हटलं नाही. रात्री जेवण झाल्यावर एकटा असताना विचारलं. तो म्हणाला, संध्याकाळी दुसरीकडे जायला आहेच काय? शाळेच्या मैदानावर अंधार पडतो. दोन दिव्यांसाठी गटाने ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. दिवे अजून लागलेले नाहीत. तोवर आमच्या दोघी रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन व्हॉलीबॉलच्या जाळीजवळ बसतात.