शाळेचा खर्च आणि पटावरचे मूल

नगर जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासाविषयी लिहिताना मिशनऱ्यांच्या त्यागापासून आरंभ करून साखर कारखान्यांच्या महाविद्यालयांपाशी थांबण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. तो त्याग खरा आहे आणि ती महाविद्यालयेही खरी आहेत. परंतु या दोहोंच्या मधून एक रोकडा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे वाहत आला आहे. शाळेचा खर्च कोणी सोसायचा, आणि जो सोसेल त्याने तो कोणत्या मापाने मोजून द्यायचा? प्रस्तुत लेखात आम्हाला या मापाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे मांडले ते १८३१ साली. कुमारी सिंथिया फरार १८३९ मध्ये येथे आल्या आणि १८६२ च्या जानेवारीत मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या. त्यांच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढताना त्या भेटीची प्रेरणा त्यांच्या मनात होती, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या शाळांचा पैसा बोस्टनहून येई, याचा मात्र फारसा उल्लेख होत नाही. पैसा बोस्टनचा, म्हणून धोरणही बोस्टनचे.

१८५४ च्या जुलैत वुडचा खलिता निघाला. खाजगी शाळांनी सरकारी तपासणी मान्य केली, तर त्यांच्या लौकिक शिक्षणापुरते अनुदान द्यावे, असे तत्त्व त्यात प्रथमच मान्य झाले. धर्मशिक्षणाशी तपासनिसाला कर्तव्य नव्हते. मिशन शाळांना याहून अनुकूल व्यवस्था कोणती असणार? पण त्याच हिवाळ्यात बोस्टनच्या मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉम्प्सन हे पाहणीसाठी नगरला आले. शाळा ही मंडळीच्या उभारणीपुरतीच असावी, शिक्षण मातृभाषेत असावे, इंग्रजी शिक्षणावर मिशनचा पैसा वेचू नये, असा अँडरसन यांचा आग्रह होता. सरकारने थैलीचे तोंड सैल केले त्याच सुमारास मिशनने आपल्या शाळांना कात्री लावली. अँडरसन यांना आम्ही अदूरदर्शी म्हणणार नाही. शाळाच मंडळीला गिळून टाकील ही त्यांची भीती निराधार नव्हती, आणि मातृभाषेचा त्यांचा आग्रह तर आजही विचार करण्याजोगा आहे. तथापि हा निर्णय झाला तो नगरच्या पालकांना न विचारता.

सरकारी पैसा तरी कोठून येत होता? मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला. त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. म्हणजे नगरचा कुणबी कोरडवाहू जमिनीवर सारा भरी आणि वर शाळेसाठी आणा भरी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात फुल्यांनी याच व्यवहाराचा हिशेब मागितला. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य आक्षेप. इलाख्यातील दहापैकी नऊ खेड्यांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची सोयच नाही, हे त्यांनी निदर्शनास आणले. १२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, लोकल फंडाचा निम्मा भाग केवळ प्राथमिक शाळांना राखून ठेवावा आणि मास्तरांना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, अशा त्यांच्या सूचना होत्या. भावनेच्या भरात लिहिलेले हे निवेदन नव्हे. जमाखर्च समजणाऱ्या माणसाचे ते टिपण आहे. सक्तीची सूचना आयोगाने काही उचलली नाही.

अनुदान वाटण्याची रीतही याच काळात ठरली. १८६५-६६ च्या सुमारास मुंबई इलाख्यात ‘निकालावर अनुदान’ ही पद्धत आली. तपासनीस येणार, मुले मोजणार, परीक्षा घेणार; हजर असतील आणि उत्तीर्ण होतील त्यांच्या संख्येवर शाळेला पैसे. कागदावर पद्धत निर्दोष दिसते. पण १८७६ ते ७८ च्या दुष्काळात जी कुटुंबे पोटामागे गाव सोडून गेली, त्यांच्या मुलांची हजेरी कोण लावणार होते? ज्या शाळेत अशीच मुले अधिक, तिला अनुदान सर्वांत कमी. १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने ही पद्धत मागे पडली. मोजणीची सवय मात्र राहिली.

आपल्या कॅथॉलिक मिशनची कथा येथून सुरू होते. येशूसंघीय फादर ओटो वाइसहौप्ट १८७८ मध्ये केंदळला आले. गावकुसाबाहेरच्या वस्तीत एकच मास्तर सकाळी प्रार्थना सांगे आणि दिवसा बाराखडी शिकवी. अशी एकशिक्षकी शाळा वरील मापात बसविणे कठीणच होते. तिचा आधार युरोपातील दानशूरांचा होता. पहिल्या महायुद्धात जर्मन फादरांना नजरकैदेत टाकून पुढे मायदेशी धाडण्यात आले, तेव्हा परक्या दानावर उभी असलेली शाळा किती एकाकी असते हे दिसून आले.

परके दान नको म्हणून स्वकीयांवर विसंबावे, तर तेथेही निर्धास्तपणा नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचे, जिने पुढे श्रीरामपूर आणि कोपरगाव येथे महाविद्यालये काढली तिचे, अनुदान १९४८ साली बाळासाहेब खेर यांच्या सरकारने बंद केले. भाऊरावांनी सरकारवर जाहीर टीका केली होती, एवढेच निमित्त. ज्या वर्षी हा माणूस गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ शाळा काढण्याचा संकल्प करतो, त्याच वर्षी स्वातंत्र्यातील सरकार त्याची रसद तोडते! घरोघरच्या मूठमूठ धान्यावर वसतिगृहे चालविणाऱ्या भाऊरावांनी तो काळ निभावून नेला. लोकांचा दबाव वाढल्यावर अनुदान पुन्हा सुरू झाले.

संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांच्या शाळांशी अनुदानात भेदभाव करण्यास मनाई केली. त्याने आपल्या संस्थांना बळ आले, हे निर्विवाद. पण सर्वांनाच समान रीतीने अनुदान नाकारायचे ठरले, तर या अनुच्छेदाचा काय उपयोग? महाराष्ट्रात २००१ नंतर नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर मान्यता मिळू लागली. २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळला गेला. शब्द गेला, पैसे आले नाहीत. २०१६ पासून २० टक्के, पुढे ४० टक्के असे टप्पे पडले. मधल्या वर्षांत बिनपगारी शिकविणाऱ्या किती शिक्षकांनी मुंबईच्या आझाद मैदानात रात्री काढल्या, ते वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतून पाहावे.

जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतील शिक्षकांची पदे आज संचमान्यतेने ठरतात. २०२४ च्या मार्चमधील शासन निर्णयाने ती पटाशी अधिकच घट्ट बांधली. त्यासाठी धरला जातो तो ३० सप्टेंबरचा पट. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोडणी कामगारांची बिऱ्हाडे दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि शिमगा-पाडव्यापर्यंत परतत नाहीत. मूल मोजले जाते ते पाथर्डीच्या शाळेत. कारखान्याच्या तळाजवळच्या शाळेत ते नोव्हेंबरात जाऊन बसलेच, तर तेथील मास्तरांच्या वर्गात एक डोके वाढते. पदांच्या हिशेबात ते धरलेले नसते. त्याची आई त्याला धाकट्या बहिणीजवळ कोपीवर ठेवून पहाटेच फडात गेलेली असते.