जुने ते सोने : तळघरातील एक साक्ष

'जुने ते सोने' ही म्हण आपण सहज उच्चारतो. पण जुन्याचे सोने होते कसे, हे मात्र विचारीत नाही. हा प्रश्न युरोपातील गृहस्थाच्या तळघरात, वीस-पंचवीस वर्षे आडव्या पडलेल्या तांबड्या मद्याच्या बाटलीला विचारावा, असे आम्हांस वाटते.

इ. स. पूर्व १२१ मध्ये लूसियस ओपिमियस हा रोमचा कॉन्सल होता. त्या साली द्राक्षे अशी काही उतरली की, ते मद्य त्याच्याच नावाने प्रसिद्धी पावले. कुंभांत कोंडलेले हे मद्य सुमारे दोनशे वर्षे टिकले. पण प्लिनी सांगतो की, ते कडवट मधासारखे दाट झाले होते, नुसते पिणे अशक्य. इतर मद्यांत स्वादापुरते ते घालीत. कीर्ती उरली होती, चव गेली होती!

पुढे कुंभांच्या जागी लाकडी पिंपे आली. पिंपात हवा शिरे व मद्य आंबून जाई; म्हणून कित्येक शतके नवे मद्य तेच चांगले मानीत. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने १६६५ च्या जुलैत आपल्या तळघरातील मद्यांची यादी अभिमानाने रोजनिशीत टिपली आहे. तीत पिंपेच आहेत. त्याच शतकात इंग्लंडात कोळशाच्या भट्टीतून भक्कम काच निघू लागली, तिला बुचाची जोड मिळाली. अठराव्या शतकात बाटली सरळ अंगाची झाली, आडवी निजविता येऊ लागली; बूच ओले राहिले, हवा अडली आणि मद्य मुरू लागले.

मुरणे म्हणजे काय? तुरट द्रव्ये व रंगद्रव्ये एकमेकांस जडून त्यांचा साका तळाशी बसतो. जांभळट रंग विटकरी होतो, जीभ ओढणारा तुरटपणा निवतो, ताज्या फळाचा वास जाऊन वाळल्या पानांचा गंध येतो. मग साका न ढवळता मद्य हलक्या हाताने सुरईत ओतावयाचे. मात्र बहुतेक मद्यांना हे भाग्य नाही. अंगी कस नसला की ती थोड्याच वर्षांत उतरतात. आपल्या घरी तरी निराळे काय होते? कैरी बोदी असली, तर बरणीत लोणचे मुरत नाही, नासते.

तेव्हा नुसत्या वयाने सोने होत नाही. मूळचा कस हवा, भांडे निर्दोष हवे आणि वेळीच उघडून चाखणाराही हवा. परंपरांनाही आम्ही हाच न्याय लावतो. झाकून ठेवून त्यांची नुसती वर्षे मोजणे, हे काही जतन नव्हे.