ट्रॉली आणि कप्पीचा प्रयोग : बल, वस्तुमान, त्वरण आणि नेहमी होणारी एक चूक

बल = वस्तुमान × त्वरण. न्यूटनने १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’त मांडलेला गतीचा दुसरा नियम शाळेत या रूपात शिकवला जातो. सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण प्रयोगशाळेत आलेख काही सरळ येत नाही. मग मुलं आकडे ‘बसवतात’. खरं तर चूक बहुतेक वेळा मांडणीतच असते.

साहित्य

गुळगुळीत फळी, ५०० ग्रॅमची ट्रॉली, २० ग्रॅमची पाच वजनं, हलकी कप्पी, दोरा, मोजपट्टी, स्टॉपवॉच.

कृती

फळीच्या टोकाला कप्पी बसवावी. ट्रॉलीला बांधलेला दोरा कप्पीवरून खाली सोडून त्याला वजन टांगावं. त्याआधी फळीचं दुसरं टोक थोडं उचलावं. वजन न टांगता हलका धक्का दिल्यावर ट्रॉली एकाच वेगाने सरकत राहिली, की घर्षणाचा हिशेब मिटला.

आता ट्रॉली स्थिर अवस्थेतून सोडून ६० सेंमी अंतराला लागणारा वेळ मोजावा. प्रत्येक वाचन किमान तीनदा घेऊन सरासरी काढावी. त्वरण = २ × अंतर ÷ वेळेचा वर्ग.

चूक कुठे होते?

टांगलेलं वजन ट्रॉलीला ओढतं, पण ते स्वतःही त्याच त्वरणाने खाली येत असतं. म्हणून सूत्रातलं वस्तुमान एकट्या ट्रॉलीचं नाही, तर ट्रॉली आणि टांगलेलं वजन या दोघांचं मिळून. टेबलावरची वजनं उचलून टांगत गेलं, तर बलाबरोबर वस्तुमानही वाढतं. २० ऐवजी १०० ग्रॅम टांगले की बल पाचपट होतं, पण त्वरण जेमतेम ४.३ पट. आलेख वाकतो तो इथेच.

उपाय सोपा आहे. पाचही वजनं सुरुवातीला ट्रॉलीवरच ठेवावीत आणि एकेक काढून दोऱ्याला टांगावं. एकूण वस्तुमान ६०० ग्रॅमच राहतं, बल तेवढं बदलतं.

आकडे काय सांगतात?

घर्षण नसेल असं धरून हिशेब असा येतो :

- २० ग्रॅम टांगल्यास : बल ०.१९६ न्यूटन, त्वरण ०.३३ मी/से², वेळ १.९२ सेकंद
- ४० ग्रॅम : ०.३९२ न्यूटन, ०.६५ मी/से², १.३६ सेकंद
- ८० ग्रॅम : ०.७८४ न्यूटन, १.३१ मी/से², ०.९६ सेकंद

बल चौपट झालं की त्वरण चौपट होतं आणि वेळ निम्मा लागतो. ८० ग्रॅमला मात्र स्टॉपवॉच दाबायला झालेला थोडासा उशीरही महागात पडतो. तिथे मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घेतलेला बरा.

दुसऱ्या भागात बल तेच ठेवून वस्तुमान वाढवावं. ४० ग्रॅम टांगून एकूण वस्तुमान ६०० ग्रॅमवरून १२०० ग्रॅम केलं, की त्वरण ०.६५ वरून ०.३३ वर येतं.

आलेख काय बोलतो?

बल आणि त्वरण यांची रेषा आरंभबिंदूतून जायला हवी. थोडं बल लावूनही त्वरण शून्यच दिसत असेल, तर घर्षण उरलंय. बल शून्य असतानाच त्वरण दिसत असेल, तर फळी जास्त उचलली गेलीय. अशी वाचनं खोडू नयेत. कारणासह वहीत लिहावीत.

शब्द वेगळे, नियम एकच

मराठीतलं ‘वस्तुमान’ हिंदीत ‘द्रव्यमान’, गुजरातीत ‘दळ’, तर कन्नडमध्ये ‘द्रव्यराशी’. ‘त्वरण’ हिंदीत तसंच राहतं. गुजरातीत ते ‘प्रवेग’ आणि कन्नडमध्ये ‘वेगोत्कर्ष’ होतं. माध्यम बदललेल्या मुलांनी एवढे शब्द जुळवून घेतले, की बाकी प्रयोग बेळगाव, इंदूर, वडोदरा सगळीकडे सारखाच.