शर्करा-दावे (खाद्यवेष्टनांवरील)

वेष्टित खाद्यपदार्थात साखर मुळीच नाही, अल्प आहे, कमी केली आहे अथवा वरून घातलेली नाही, असे सांगणारे जे विधान उत्पादक स्वेच्छेने वेष्टनावर छापतो त्यास शर्करा-दावा म्हणतात. 'शुगर फ्री', 'लो शुगर' आणि 'नो अ‍ॅडेड शुगर' ही त्याची बाजारात रूढ झालेली रूपे होत. 'स्वेच्छेने' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कारण वेष्टनाच्या दर्शनी बाजूवरील मजकूर ही जाहिरात असते आणि मागील बाजूस बारीक टायपात छापलेला पोषणतक्ता व घटकसूची ही कायद्याने भाग पाडलेली जबानी असते. या दोहोंत तफावत दिसल्यास जबानीवर विसंबावे.

भारतात या दाव्यांचे नियमन अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात व दावेविषयक विनियमांन्वये होते. त्यांनुसार 100 ग्रॅम किंवा 100 मिलिलिटर पदार्थात 0.5 ग्रॅमहून अधिक शर्करा नसेल तरच त्यास 'शुगर फ्री' म्हणता येते. 'लो शुगर' म्हणण्यास घनपदार्थात 100 ग्रॅममागे 5 ग्रॅम आणि द्रवात 100 मिलिलिटरमागे 2.5 ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. साखर 'कमी केली' असे म्हणावयाचे तर तुलनेच्या पदार्थाहून ती निदान 25 टक्के कमी असावी लागते. परंतु ज्या बिस्किटात पूर्वी 28 ग्रॅम साखर होती त्यात ती 21 ग्रॅमवर आली तरी हा दावा सिद्ध होतो, आणि 21 ग्रॅम साखरेच्या बिस्किटास अल्पशर्करायुक्त म्हणण्यास कोणीही सुज्ञ मनुष्य धजणार नाही.

खरा घोटाळा 'साखर' या शब्दातच आहे. घरात साखर म्हणजे डब्यातील पांढरी, दाणेदार वस्तू. कायद्याच्या लेखी मात्र शर्करा म्हणजे पदार्थातील सर्व एकशर्करा व द्विशर्करा, म्हणजे द्राक्षशर्करा, फलशर्करा, इक्षुशर्करा आणि दुग्धशर्करा यांची एकत्रित बेरीज. म्हणून 'साखर नाही, गूळ आहे' हे वाक्य स्वयंपाकघरात निर्दोष असले तरी वेष्टनावर ते टिकत नाही. गूळ, काकवी व मध ही घातलेली साखरच होय. 'नो अ‍ॅडेड शुगर' या दाव्यासाठी तर याहूनही कडक अट आहे: साखरेच्या जागी गोडी आणण्याकरिता सुक्या फळांचा लगदा किंवा फळांच्या रसाचा अर्क घालण्याचीही मुभा नाही. खजुराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो हे ध्यानी घेता ही तजवीज रास्तच म्हटली पाहिजे.

पेढ्याचे उदाहरण उद्बोधक आहे. दुधात 100 मिलिलिटरमागे सुमारे साडेचार ते पाच ग्रॅम दुग्धशर्करा निसर्गतःच असते. साधारण पाच लिटर दूध आटवून एक किलो खवा निघतो आणि आटताना पाणी उडून जाते, शर्करा मात्र कढईतच राहते. तेव्हा खव्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा किंवा त्याहून किंचित अधिक भाग शर्करेचाच असतो. खव्याच्या पेढ्यात हलवायाने साखरेचा एक कणही घातला नाही तरी 0.5 ग्रॅमची मर्यादा तो कित्येक पटींनी ओलांडतो. सणासुदीच्या दिवसांत 'शुगर फ्री पेढे' अशी पाटी काचेच्या कपाटावर सर्रास झळकते. त्या पाटीचा अभिप्रेत अर्थ बहुधा 'साखर न घातलेले' एवढाच असतो, आणि मधुमेही गिऱ्हाईक मात्र तिचा अर्थ वेगळा घेते.

मागील तक्ता वाचताना एकूण शर्करा व घातलेली शर्करा या दोन ओळी स्वतंत्रपणे पाहाव्यात, आणि आकडा 100 ग्रॅममागचा आहे की एका सर्व्हिंगमागचा याचा खुलासा करून घ्यावा. सर्व्हिंग 20 ग्रॅमची आणि पुडा 120 ग्रॅमचा असल्यास एका बैठकीत पुडा संपविणाऱ्याने तो आकडा सहाने गुणावा. 2020 च्या लेबलविषयक विनियमांत घातलेल्या साखरेचे दैनिक प्रमाण 2000 किलोकॅलरींच्या आहारासाठी 50 ग्रॅम धरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली मुक्त शर्करेसाठी सांगितलेली ऊर्जेच्या 10 टक्क्यांची मर्यादाही हिशेबाने तेथेच येते, मात्र संघटनेच्या मुक्त शर्करेत फळांच्या रसातील शर्कराही मोडते. घटकसूची वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा साखर तीत कितव्या स्थानी आहे तेही पाहावे.

शर्करेच्या व्याख्येबाहेर राहूनही गोडी देणारे माल्टिटॉल, सॉर्बिटॉल आदी पदार्थ ऊर्जाहीन नव्हेत. साखरेच्या सुमारे निम्मी ऊर्जा ते देतात व अतिसेवनाने जुलाब होतात. माल्टोडेक्स्ट्रिन तर शर्करेच्या ओळीत बहुतांशी दिसतच नाही, तरी रक्तातील ग्लुकोज झपाट्याने वाढविते.

फळांचा रस हे प्रकरण निराळेच. सफरचंदाच्या 200 मिलिलिटर रसात घातलेली साखर शून्य असूनही सुमारे 20 ग्रॅम, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे, शर्करा असते. अर्कात पाणी मिसळून तयार केलेल्या रसावर 'शंभर टक्के फळांचा रस' असे छापण्यास प्राधिकरणाने जून 2024 मध्ये मनाई केली, आणि अशा रसात किलोमागे 15 ग्रॅमहून अधिक साखर वगैरे घातल्यास त्यास 'स्वीटन्ड ज्यूस' हे नाव देणे बंधनकारक असल्याचेही त्याच हुकुमात नमूद केले.